वाघाटी घेऊन वरूडला

वरूडला माणसं संत्र्यांसाठी जातात. आम्ही मायलेकी गेलो ते आषाढात. तेव्हा झाडांवर लिंबाएवढी हिरवी फळं होती आणि पॅकिंगच्या शेडमध्ये रिकामे क्रेट. आमच्या पिशवीत वाघाटी होती, बाळापूरच्या पुढे मन नदीकाठी आमचं शेत आहे तिथल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तोडलेली, आणि ती शिजवायला माझ्या आईला आमंत्रण होतं. आईला आमंत्रण येणं हीच आमच्या घरात बातमी होती, म्हणून ही हकीकत लिहिते आहे. ज्यांना वरूडला जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. बागा खरंच पाहण्यासारख्या आहेत.

आमंत्रण आलं स्वातीकडून. अमरावतीच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत होतो. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आता अकोल्यात ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते आणि हे सांगताना आवाज खाली करत नाही. स्वाती लग्न होऊन वरूडला गेली. सासरची मोठी बाग आहे, तिनं त्यात कृषी पर्यटन केंद्र काढलं. वसतिगृहात आईनं पाठवलेल्या डब्यातली वाघाट्याची भाजी तिनंच जास्त खाल्ली होती. तिचा फोन आला, "रेखा, यंदा आषाढी बारसेला वाघाटीचं जेवण ठेवतोय. नागपूरचे पाहुणे येणार आहेत. काकूंनाच घेऊन ये. बाहेर मोठा फलक लावते, 'कमलकाकूंची वाघाटी'."

कमल हे आईचं नाव. गावात ते कुणी वापरत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती वामनची बायको, आणि मी झाल्यावर रेखाची माय. बचत गटात सही शिकली तेव्हा नाव कागदावर आलं, तेवढंच. फलकाचं ऐकल्यावर तिनं ते गिरणीवर सांगितलं, हापशीवर सांगितलं, ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्या ऐकण्यात येईल असं सांगितलं.

"वरुडले माह्या नावाचं जेवण हाय. बाहीर पाटी लावून राहिले."

मी म्हटलं, "माय, साऱ्या गावाला काहून सांगतेस?"

"तू पास झाली तवा म्या सांगतलं नव्हतं का साऱ्या गावाले? तवा नाई बोलली."

तिला साडी नको होती, पाहुणचार नको होता. तिला ती पाटी डोळ्यांनी पाहायची होती.

धुऱ्यावर

ज्यांनी वाघाटी पाहिली नाही त्यांच्यासाठी. हे रानातलं काटेरी झुडूप. शेजारी बाभूळ मिळाली की तिच्या अंगावर चढतं, नाही मिळाली तर स्वतःभोवतीच गुंता करून बसतं. काटे जोडीनं येतात आणि मागे वळलेले असतात, वाघाच्या नखांसारखे. हात आत जातो सहज, बाहेर काढताना ओरबाडतो. उन्हाळ्यात पांढरी फुलं येतात, दुपारनंतर ती गुलाबी पडतात. आषाढात हिरवी, कडक फळं. पिकली की लाल होतात, पण आम्ही हिरवीच तोडतो. पोटात बिया गच्च भरलेल्या, आणि सगळा कडूपणा त्या बियांत. कोवळी पानंही खातात. आई ती मुगाच्या डाळीत करते.

आषाढी एकादशीचा उपास बारसेला वाघाट्याच्या भाजीवर सोडायचा, ही आमच्याकडची रीत. फळ चिरायचं, बिया खरवडून टाकायच्या, उकळायचं, पाणी फेकायचं, पिळायचं. मग कांदा, तिखट आणि बेसन. पण खरी रीत यापुढे आहे. नैवेद्य दाखवायच्या आधी भाजीला जीभ लावायची नाही, आणि नैवेद्य झाला की पहिला घास शिजवणारीनं घ्यायचा. सगळे ताटावर बसून तिच्या तोंडाकडे पाहतात. तिनं मान हलवली की जेवण सुरू. नाही हलवली तर भाजी परत चुलीवर जाते, ताकात आणखी एक उकळी घेते, आणि माणसं गुमान बसून राहतात. माझे वडीलही बसून राहतात. वर्षातून तेवढा एक घास असा असतो की घरातले पुरुष आईच्या होकारासाठी थांबतात.

मी लहानपणी विचारलं होतं, देवाला आधी कडू गेली तर?

"देवाले चालते कडू," आई म्हणाली होती. "मान्साले नाई चालत."

जठारपेठ, अकोला

मी जठारपेठेत एका वकिलांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली आहे. पहिला मुक्काम तिथं. घरमालकीणबाईंना आई दर आषाढात वाघाटी आणून देते. त्या जिन्यापाशी आल्या, पिशवीत डोकावल्या.

"अगोबाई, ताजी आहेत हो अगदी. बाजारात अशी मिळतच नाहीत. पायरीवर ठेवा, बाई घेईल आत."

"शिजवलेली पाठवू का थोडी, बारसेच्या आधी परत आलो तं?" आईनं विचारलं. खरं तर आम्ही परत येणार नव्हतो, तिनं बोलायचं म्हणून विचारलं.

"नको हो, आमच्याकडे आम्हीच करतो. सोवळ्याचं असतं ना." त्या गोड हसल्या. गोडच बाई आहेत, भाडं एखाद्या महिन्यात उशिरा दिलं तर बोलत नाहीत.

खोलीत आल्यावर मी चिडले. आई पोळ्या लाटत म्हणाली, "त्यायच्या घरचं थे तसंच हाय. आपण काहून जीव जाळावा? कच्चं घेतात ना, घेऊ दे."

"कच्चं घेतात तेच तर म्हणते मी."

"तुले शिकवलं तं तू आता सारंच वाचाले लागली," ती म्हणाली आणि पोळी उलटवली.

अमरावती

दशमीच्या सकाळी अमरावतीची एसटी धरली. कंडक्टर पिशवी वर ठेवा म्हणाला, आईनं मांडीवर ठेवली.

"मावशी, पिशवीचं तिकीट काढू का?"

"काढ. पण मंग सीट दे तिले खिडकीची."

गाडी हसली. मूर्तिजापूरपर्यंत कंडक्टर येता-जाता पिशवीची चौकशी करत होता.

घोटाळा बडनेऱ्याला लक्षात आला. फळं ताजी राहावीत म्हणून मी ती रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वर कापड गुंडाळलं होतं. आई ती नेहमी टोपलीत, ओल्या फडक्याखाली ठेवते. प्लॅस्टिकमध्ये ती उबली. आईनं गाठ सोडली तेव्हा काही फळं पिवळट पडली होती आणि पानं मऊ झाली होती.

"ही जून झाली बाई," ती एक फळ दाबून म्हणाली. "बी कडक झालं की कडूपण गरात उतरते. दोनदा उकळा लागन. दोनदाच का तीनदा, थे चाखल्यावरच समजन."

रागावली नाही. पदर पाण्यानं भिजवला, तिथंच गाडीत फळं पदरात घेतली आणि तशीच बसली.

अमरावतीला मला तिला माझं कॉलेज दाखवायचं होतं. तीन वर्षं मी तिथं होते, ती कधी आली नव्हती. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, सुट्टी आहे, आत सोडता येत नाही. मी म्हटलं, मी इथली माजी विद्यार्थिनी, स्वतः शिकवते. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही या, बाईंना बाहेर बसू द्या. मी आत गेले नाही. आई फाटकाच्या गजांतून पाहत होती.

"त्या झाडाखाली बसत होती का तू?"

"नाही माय, वर्गात बसत होते."

"वर्ग कुठं हाय?"

"मागे आहे. इथून दिसत नाही."

"बरं," ती म्हणाली. "झाड चांगलं हाय."

संध्याकाळी राजकमल चौकाजवळ गिला वडा खाल्ला. दह्यातला वडा आम्हीही करतो, पण अमरावतीचा गिला वडा पातळ, झणझणीत, वरून चिंचेचं पाणी. आईला तो आवडला आणि तिनं गाडीवाल्याला तसं सांगितलंही. उद्या एकादशी म्हणून दुसरी प्लेट घेतली. अंबादेवीजवळच्या एका लॉजवर मुक्काम केला. तिथं तिनं फळं जमिनीवर पसरून ठेवली आणि पंखा बंद करायला लावला.

वरूड, एकादशी

मोर्शी सोडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा लागतात. काळी जमीन आमच्यासारखीच, पण आमच्याकडे ती उघडी असते, इथं झाडांच्या सावलीत झाकलेली. ट्रॅक्टर, मोटारसायकली, चिखल. आई खिडकीतून झाडं मोजल्यासारखी पाहत होती.

"एवढं गोड पिकवतात," ती म्हणाली, "मंग आपली वाघाटी कशाले पाह्यजे यायले?"

केंद्राच्या कमानीवर फलक होता. मोठाच होता, स्वातीनं शब्द पाळला होता तेवढा. त्यावर स्वातीच्या सासूबाई नऊवारीत चुलीपुढे बसलेल्या, हातात उलथनं. वर लिहिलं होतं, 'आजीच्या हातची रानवाघाटी. आमच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची चव.'

आई थांबली. तिला वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखता येतं. ती फलकावरून डोळे फिरवत राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"काय लिवलं हाय?"

"वाघाटीचं लिहिलंय."

"माह्या नावाचा क नाई दिसून राहिला."

"दुसरा फलक असेल आत," मी म्हणाले.

आत दुसरा फलक नव्हता. स्वाती धावत आली, आईच्या पाया पडली, दोघींचे हात धरले. खोली छान दिली, साबुदाण्याची उसळ आणि भगर आणली. प्रेमात काही कमी नव्हतं, हे मला लिहिलंच पाहिजे. आई हात धुवायला गेली तेव्हा मी विचारलं.

"अगं, फोटो लागतोच ना," स्वाती म्हणाली. "काकूंचा फोटो नव्हता माझ्याकडे. आणि पाहुण्यांना घरची आजी लागते. तुला कळतंय ना मी काय म्हणतेय ते?"

"फोन करून मागितला असता तर पाठवला असता फोटो."

"रेखा, फलकच आहे तो. भाजी तर काकूंचीच आहे ना. सगळ्यांना सांगणार आहे मी जेवताना."

मी आईला तसं सांगितलं. जेवताना नाव घेणार आहेत. ती म्हणाली, "हो का? मंग बरं हाय." आणि तिनं ते मनापासून धरलं, कारण संध्याकाळी तिनं बारसेसाठी आणलेली नवी साडी काढून उशाशी ठेवली.

चारच्या सुमारास स्वातीच्या नवऱ्यानं बाग दाखवली. माणूस साधा, बोलका. तारेचं कुंपण, ठिबकच्या नळ्या, रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, हाकलायला लावलेला भोंगा. आईनं शेडमागच्या बांधाकडे पाहून विचारलं, "इथं वाघाटी होती काय? बुंधा दिसून राहिला."

"ते काटेरी जाळं का? होतं ना, लय जुनं होतं. मागच्या साली जेसीबीनं काढलं. साप येते म्हणे, पाहुणे भितात."

आई वाकली, मातीतून वर आलेला एक कोंब नखानं खरवडून पाहिला. "जित्ता हाय," ती म्हणाली. तो हसला आणि आम्हाला ठिबकची टाकी दाखवायला घेऊन गेला.

वरूड, बारस

आई पहाटे उठली. मागच्या अंगणात चूल होती, मदतीला गावातल्या दोन बाया. त्या बायांशी तिचं लगेच जमलं. बिया खरवडताना एक म्हणाली, "आमी नाई खात बाप्पा हे. लय कडू रायते म्हणतात."

"कडू रायते थे करणारीच्या हातानं," आई म्हणाली, आणि तिघी हसल्या.

दोन उकळ्या झाल्या. आईनं फळ पिळून वास घेतला, बोटानं चुरडून पाहिलं आणि सासूबाईंना निरोप पाठवला की नैवेद्य दाखवून घ्या, मला चाखायची आहे. सासूबाई स्वतः आल्या. उंच, गोऱ्या, आवाज हळू.

"नैवेद्य पाहुणे आल्यावर, बाई. त्यांना ते पाहायचं असतं. फोटो काढतात."

"पण चाखल्याबिगर कशी वाढू? जून फळ हाय. एक उकळी कमी हाय का समजाले पाह्यजे."

"नैवेद्याआधी उष्टं कसं करायचं?"

"उष्टं नाई म्हणत मी. नैवेद्य करा अन् पयला घास मले द्या. आमच्याकडे तशीच रीत हाय."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "पहिला घास? पाहुण्यांच्या आधी?" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मी म्हटलं, "माय, मी चाखते. मी काही देवाधर्माचं एवढं पाळत नाही."

"तू काहून? शिजवली कोनं?" ती म्हणाली. "अन् नैवेद्य बाकी हाय."

नागपूरच्या गाड्या उशिरा आल्या. माणसं भुकेली होती. मग सगळं एकदमच झालं. सासूबाई नवी नऊवारी नेसून पुढच्या ओसरीवर आल्या, विठोबाच्या फोटोपुढे ताट ठेवलं, फोन वर झाले, आणि त्याच दमात पातेली उचलून पंक्तीत गेली. आई मागे ताटली घेऊन उभी होती. मदतीची बाई धावत आली, "मावशी, नेलं न् त्यायनं सारं." आई रिकाम्या चुलीपुढे ताटली घेऊन उभीच राहिली.

मी पुढे गेले. सासूबाई वाढत होत्या. एक बाई फोन धरून विचारत होती, "आजी, ही तुमच्याकडे किती वर्षांपासून करतात?"

"माझ्या आजेसासूपासून," सासूबाई म्हणाल्या.

मी स्वातीकडे पाहिलं. ती पापड वाढत होती.

पहिला घास एका जाड्या गृहस्थांनी घेतला. चावता चावता थांबले. पाणी प्याले. "आजी, कडू आहे हो जरा."

"रानातलं आहे, औषधी असतं."

मग एका मुलीनं घास ताटात काढून ठेवला. फोनवाल्या बाईनं फोन खाली केला आणि भाजी बाजूला सारली. गृहस्थ हसत म्हणाले, वाईट मनानं नाही, "आजी, तुम्ही खाऊन तर बघा एकदा."

सासूबाईंनी उलथनं खाली ठेवलं. आवाज पहिल्यांदा मोठा झाला.

"मी नाही केली. अकोल्याकडच्या कमलबाई आल्यात ना, त्यांनी केली. कमलबाई म्हणून आहेत. आमच्या घरी तर वाघाटी करतच नाहीत."

साऱ्या ओसरीनं ते ऐकलं. मागच्या अंगणापर्यंत गेलं असणार, कारण आई बाहेर आली. डोक्यावरून नव्या साडीचा पदर घेतलेला, हात अजून ओले. पंक्तीच्या टोकाला एक पाट रिकामा होता, त्यावर बसली. पातेल्याकडे बोट केलं. सासूबाईंना कळेना. भाजी मीच वाढली.

तिनं घास घेतला. काल सकाळपासून एवढ्याशा भगरीवर होती. सावकाश चावला. नागपूरची माणसं जेवायची थांबली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"हो," ती म्हणाली. "कडू हाय. अजून एक उकळी पाह्यजे होती, ताकात. म्या केली, पण मले चाखू देली नाई."

मान वर करून सगळ्यांना सांगितलं. मग ताटात होती तेवढी भाजी संपवली, पोळीशिवाय. कुणीतरी गोडाचं मागितलं आणि पंगत पुढे सरकली.

मी स्वातीला शेडमध्ये गाठलं. रिकाम्या क्रेटांच्या रांगेत.

"तू सांगणार होतीस."

"सांगणारच होते. शेवटी सांगणार होते."

"कधी? चांगली झाली असती तर?"

तिनं एक क्रेट सरळ केला. मग म्हणाली, "रेखा, तुला माझ्या घरातलं माहीत नाही. मी इथं सून आहे. काकूंसाठी साडी काढून ठेवली आहे, थांब, आणते."

"नवीच साडी तिच्या अंगावर आहे. तू पाहिलीस का?"

तिनं पाहिली नव्हती. डोळे भरले तिचे. मला त्याचं काही वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही.

आई दारात येऊन उभी होती. "रेखे, दुसऱ्याच्या घरी भांडू नोको," ती म्हणाली. "स्वाते, थ्या उरलेल्या भाजीत ताक घालून उकळ. बायायले दे. वाया घालवजो नोको." स्वातीनं मान हलवली. तिनं ते केलं की नाही मला माहीत नाही.

परत

वरूड ते अमरावती आई रिकाम्या पिशवीची घडी मांडीवर घेऊन बसली. अमरावती ते अकोला तिला झोप लागली. गिला वड्याचं विचारलं तर नको म्हणाली, तोंड कडू आहे म्हणाली.

स्वातीचा फोन नंतर दोनदा आला, मी घेतला नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा घेतला. पुढच्या आषाढात वाघाटी कुरिअरनं पाठवशील का, इथल्या बायांना आता करता येते, असं विचारत होती. मी फोन ठेवला. आईला अजून सांगितलेलं नाही, कारण मला भीती आहे की ती पाठवेल.

वरूडहून परत गावात उतरलो तेव्हा हापशीवर गर्दी होती. बायांनी तिला घेरलं. मी पिशव्या घेऊन मागे होते. कशी झाली, काय झालं, पाटी किती मोठी होती, सगळ्या एकदम विचारत होत्या. एकीनं जरा खोचून विचारलं, "मंग घेतलं का नाव तुह्यं?"

आईनं घागर हापशीखाली सरकवली.

"घेतलं ना," ती म्हणाली. "साऱ्या नागपूरवाल्यायसमोर. दोनदा घेतलं. कमलबाई म्हणून."

बायांनी माझ्याकडे पाहिलं, खरं का म्हणून.

"हो," मी म्हणाले. "दोनदा."